मालकाचा क्लब, प्रेक्षकांचा खेळ

१९६२ साली कंपनीचा संघ म्हणून जन्मलेल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, मालक कंपनीने तो विसर्जित केला. कारण पराभवाचे नव्हते; कंपनीला शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे होते. चीनमधील जिआंग्सू क्लब तर नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला आणि फेब्रुवारी २०२१ मध्येच त्याचे कामकाज थांबले. त्याचा मालक सुनिंग हा उद्योगसमूह आर्थिक अडचणीत सापडला होता.

मालकाने तोटा किती सोसावा, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु कंपनीच्या ताळेबंदात क्लब म्हणजे केवळ खर्चाचा रकाना. प्रेक्षकांची निष्ठा तेथे नोंदली जात नाही. गिरण्यांचे भोंगे थांबलेले अनुभवणाऱ्या सोलापूरकरांना हे समजावून सांगावयास नको. निर्णय दूरच्या दालनात होतो, पोकळी मात्र पेठेत जाणवते.

याउलट, स्पेनमधील बार्सिलोना क्लबाची मालकी सभासदांकडे आहे. तोही कर्जात बुडाला. पण २०२१ मध्ये सभासदांनी मतदानाने नवा अध्यक्ष निवडला, क्लब टिकला. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला भाग आणि मत या कल्पना नव्या नाहीत. सहकारातही दोष शिरतात, हे खरे. तथापि सभासदाला निदान जाब विचारता येतो. केवळ टाळ्या वाजविणाऱ्याला तो अधिकार नसतो.