आधी काटा, मग थंडी

डिसेंबर जवळ आला की ॲरिझोनातल्या आपल्या मंडळींपैकी जे शिकारीला जातात (थोडे आहेत, पण आहेत) त्यांचा मला ठरलेला प्रश्न येतो : "जॅकेट कुठलं घेऊ?" हा प्रश्नच उलटा आहे. आणि तो उलटा विचारायला तुम्हाला कपडे विकणाऱ्यांनी शिकवलं आहे.

शिकार करावी की करू नये, हा वाद आज बाजूला ठेवू. तो वाद आपल्या प्रत्येक पॉटलकमध्ये वरणभाताच्या साक्षीने होतोच. ज्यांनी रीतसर परवाना काढला आहे आणि जे जानेवारीत टुसॉनच्या दक्षिणेला धनुष्यबाण घेऊन कूज हरणामागे, नाहीतर छर्‍याची बंदूक घेऊन लाव्यांमागे हिंडणार आहेत, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

दुकानात तुम्हाला जी 'सिस्टिम' दाखवतात तिच्यात सहा-सात थर असतात. घामाचा थर, मधला थर, फुगीर थर, वार्‍याचा थर, पावसाचा थर, आणि सगळ्यांवर झाडापानांची छापील नक्षी. कल्पना खोटी नाही. पण ती जिथे तयार झाली ती जागा कुठली, हे त्यांच्याच जाहिरातीत बघा. बर्फाचा डोंगर, उघडा उतार, दाढीवर हिमकण. तिथे शत्रू एकच : ओली थंडी. आपल्या सोनोरन वाळवंटात जानेवारीची पहाट चाळीस फॅरनहाइटच्या आसपास असते आणि दुपार पासष्टच्या वर जाते. ही काही थंडी नव्हे, पुण्याच्या हिवाळ्याची चुलत बहीण म्हणा. इथला शत्रू निराळा आहे. त्याचं नाव काटा.

'वाळवंट' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या येतात. इथे तसं काही नाही. इथे रान आहे, कमरेएवढं, कधी डोक्याएवढं, आणि त्यातलं जवळजवळ सगळंच टोचतं. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. कॅटक्लॉ आपल्या खैराच्या कुळातलं, तसेच आकडेदार काटे; एकदा बाही धरली की दोन पावलं मागे आल्याशिवाय सोडत नाही. शिवाय चोया निवडुंग, ज्याच्या कांड्या नुसत्या धक्क्याने सुटून पोटरीला चिकटतात. आणि पायाशी घायपाताची बुटकी जात, पात्यांची टोकं वर करून नडगीची वाट बघत बसलेली. ज्याने लहानपणी माणदेशात शेळ्यांमागे चक्कर मारली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते कोथरूडहून थेट चँडलरला उतरलेल्यांना.

आता त्या मऊ, ताणल्या जाणार्‍या, तीन-चारशे डॉलरच्या जॅकेटचं इथे काय होतं? आमच्यातल्या एकाने गेल्या मोसमात घातलं होतं. सकाळी नऊ वाजता बाहीचे धागे लोंबत होते, आणि आतलं पिसांचं जाकीट मेस्किटने असं फाडलं की हा माणूस जिथे जाईल तिथे कोंबडी सोलल्यासारखा माग पडत होता. फ्लीसचं तर विचारूच नका. कुसळं, चोयाचे बारीक काटे, गोखरू, जे मिळेल ते गोळा करतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की खरेदी खालून वर करा. पहिले पैसे पँटवर घाला. पुढून दुहेरी, जाड कॅनव्हासची किंवा मांडीवर मजबूत नायलॉन शिवलेली. मग कातडी हातमोजे, पातळ असले तरी कातडीच. मग घोट्यावरून पोटरीपर्यंत येणारे गेटर. जॅकेटचा विचार यानंतर, आणि पैसे उरले तर.

यावर अनुभवी लोक लगेच म्हणतील, ही पँट आवाज करते. करते. लाव्यांच्या मागे जाताना त्याने काही बिघडत नाही, तुम्ही आणि कुत्रा मिळून तसेही वरातीसारखे चाललेले असता. पण बाणाने हरीण मारायचं तर तीस-चाळीस यार्डांवर जावं लागतं आणि तिथे नायलॉनची खसखस पुरते. तेव्हा हरणासाठी नायलॉन सोडा, कॅनव्हास घ्या आणि मोसमाआधी चार-पाच वेळा धुऊन मऊ करा. थोडे ओरखडे येतील, ते सोसा. जीन्स चालेल का? काट्यासाठी बरी आहे. पण हरणाला तांबडा-नारिंगी नीट दिसत नाही आणि निळा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. म्हणजे सगळ्या रंगांत आपण नेमका त्याच्या सोयीचा रंग निवडलेला असतो.

छापील नक्षीबद्दलही एकदा बोलतोच. पूर्वेकडच्या ओक वृक्षांची पानं छापलेला शर्ट घालून राखाडी, खाकी, फिक्या हिरव्या रानात बसणं हा विनोद आहे. साधा खाकी, मळका शर्ट तितकंच काम करतो. हावेलिना हे रानडुकरासारखं जनावर तर डोळ्यांनी इतकं अधू की त्याला तुमच्या शर्टाची पर्वा नाही. ते वास घेतं. वार्‍याकडे लक्ष द्या. उलट लाव्यांच्या शिकारीत भडक नारिंगी टोपी आणि बंडी घाला. ॲरिझोनात कायद्याची सक्ती नाही, म्हणून आपले हुशार लोक घालत नाहीत. लावा बुडाखालून भुर्रकन उठतो, खालून उडतो, बंदूक त्याच्यामागे वळते, आणि मेस्किटच्या पलीकडे तुमचा मित्र खाकी कपड्यांत उभा असतो. या एका गोष्टीवर मी कुणाशी वाद घालत नाही. टोपी नसेल त्याला मी बरोबर नेत नाही.

आता आतले थर. 'कापूस मारतो' हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. ओल्या डोंगरात ते खरं आहे. आपल्या कोरड्या हवेत दुपारी सुती शर्ट छान वाळतो आणि वाळताना गारवा देतो, त्यामुळे तो शर्ट पाप नाही. फक्त अंगावर तो एकटा नको. घाम आलेला सुती शर्ट घालून सूर्यास्ताला बसू नका. अंगालगत पातळ मेरिनो लोकर, वर विणीला घट्ट असा पूर्ण बाहीचा शर्ट, एवढ्यावर पहाटे चालायला लागा. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. गाडीपाशी ऊबदार वाटत असेल, तर पहिल्या चढावर घामाने भिजणार हे नक्की.

गरम कपडा पिशवीत ठेवायचा, आणि तो ठेवायचाच. इथे दुकानदारांवर नाही, आपल्यावर राग काढतो. "अरे, वाळवंट आहे, कशाला ओझं?" बाण बहुधा संध्याकाळी लागतो. मग थांबायचं, रक्ताचा माग काढायचा, जनावर सापडलं की अंधारात सोलायचं. थंड हवा उतारावरून घरंगळून कोरड्या ओढ्यात साचते आणि नेमके आपण तिथेच वाकलेले असतो. ओला शर्ट, जरासा वारा आणि चाळीस अंश एवढ्यावर माणसाचं अंग गार पडू शकतं, त्यासाठी बर्फ लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एका उत्साही पाहुण्याला आम्ही दोघांनी धरून गाडीपर्यंत आणला. हातातली सुरी त्याला धरवत नव्हती. दुपारी तो टी-शर्टवर फोटो काढत होता.

पिशवीतलं जाकीट महाग असायची गरज नाही. ते झुडपात घालायचंच नाही, बसल्यावर आणि थांबल्यावर घालायचं. जुनं, ऑफिसच्या पिकनिकला मिळालेलं चालेल. हिवाळी पाऊसही इथे येतो, तेव्हा पातळ रेनकोट त्याच्याशेजारी कोंबा. आणि एक साधा प्लास्टिकचा कंगवा. चोयाची कांडी चिकटली तर हाताने ओढू नका, ती हातालाच चिकटते. कंगवा तिच्याखाली घाला आणि झटका देऊन उडवा. शेजारी उभा आहे त्याला आधी बाजूला करा.