लेकीची पदवी आणि मनावरची कीड



दिवाळीच्या दिवसांत कपाशी पाहायला एका गावी गेलो होतो. शेताचे मालक म्हातारे गृहस्थ. सारे गाव त्यांना बापू म्हणते. त्यांची धाकटी लेक बारावीनंतर लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथे वॉशिंग्टन राज्यात राहते. राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते वेगळे. हे राज्य पश्चिम किनाऱ्यावर आहे. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक सफरचंदे एकट्या या राज्यात पिकतात. लेक माहेरपणाला आली होती. चहा झाल्यावर बापूंनी मला गोठ्याकडे नेले आणि हळूच विचारले, "साहेब, तुम्ही शिकलेले. पोरगी अडतिसाव्या वर्षी कॉलेजात जाते. कॉलेजही मोठ्या विद्यापीठाचं नाही, तालुक्याच्या गावासारखं. फी कमी. शिकते काय, तर मनाच्या आजाराचं. गावात लोक हसतात, येड्यांची डॉक्टरीण म्हणतात. ही डिग्री खरी असते का हो?"

प्रश्न चांगला होता. म्हणून लेकीलाच बोलावले आणि आम्ही तिघे ओट्यावर बसलो. तिने जे सांगितले आणि मी नंतर जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण परदेशी मुलेबाळे असलेली घरे आता खेडोपाडी आहेत. आणि गोष्ट नुसती परदेशाची नाही.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावी १९०१ साली असे कॉलेज निघाले, ते आजही चालू आहे. घराजवळ, कमी फीत, कामधंदा सांभाळून शिकता यावे, असा या कॉलेजांचा हेतू. पूर्वी तिथे दोन वर्षांचेच शिक्षण मिळे. पुढचे शिकायचे तर विद्यापीठ गाठावे लागे. ज्याच्या मागे घर आहे, पोरे आहेत, नोकरी आहे, त्याचे शिक्षण मग तिथेच थांबे. हे ओळखून काही राज्यांनी या कॉलेजांनाच चार वर्षांची पदवी देण्याची मुभा दिली. फ्लोरिडाने २००१ मध्ये कायदा केला, वॉशिंग्टन राज्याने २००५ मध्ये. वॉशिंग्टनमध्ये २००७ साली चार कॉलेजांत असे वर्ग प्रथम भरले. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये १५ कॉलेजांपुरता प्रयोग मंजूर केला आणि २०२१ मध्ये तो कायमचा केला.

यातच वर्तन-आरोग्य या विषयाची पदवी येते. खिन्नता, काळजीचा आजार, दारूचे व्यसन, मनावर बसलेला धक्का, या साऱ्यांना तिकडे मिळून हे नाव आहे. पहिल्या दोन वर्षांत पाया आणि पुढच्या दोन वर्षांत हा विषय, अशी रचना. माणसाचे ऐकून कसे घ्यावे, जिवाला धोका आहे का हे कसे ओळखावे, ऐकलेले गुप्त कसे ठेवावे, रुग्णाला दवाखाना, घर आणि सरकारी मदत यांच्याशी कसे जोडून द्यावे, हे शिकवतात. त्याशिवाय जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दवाखान्यात किंवा केंद्रात प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्या शेतकी कॉलेजात जसे मुलांना शेतावर काढतात तसे.

मी बापूंना म्हटले, "डिग्री खरी आहे. फक्त तीन गोष्टी पाहाव्या. कॉलेजाला तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का? या पदवीवर कोणते काम करता येते, आणि त्याला राज्याचा परवाना लागतो का? आणि पुढे एम. ए. सारखे शिकायचे झाले, तर कोणते विद्यापीठ ही पदवी धरते? हे तिन्ही फी भरण्याआधी विचारायचे, नंतर नाही." लेक हसली. म्हणाली, "काका, मी तिन्ही विचारूनच नाव घातलं."

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पदवी घेतलेला माणूस डॉक्टर होत नाही. गोळी लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये कायदा करून पदवीधरांसाठी वर्तन-आरोग्य सहायकाचा एक नवा दर्जा निर्माण केला. त्यासाठी ठरावीक शिक्षण पुरे करावे लागते. त्यातही रोगाचे निदान करणे या सहायकाच्या कामात बसत नाही. त्याने देखरेखीखाली रुग्णाशी ठरलेल्या रीतीने बोलावे, थोडक्या भेटींत आधार द्यावा, सुधारणा होते की नाही यावर लक्ष ठेवावे, हे त्याचे काम. मोठ्या डॉक्टरांची संख्या थोडी आणि रुग्ण फार, म्हणून मधली फळी उभी करायची, असा हा विचार आहे.

हा विचार मला परका वाटला नाही. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली निघाले, अकोल्याचे १९६९ साली. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांचा नमुना अमेरिकेतल्या १८६२ च्या कायद्याने निघालेल्या शेतकी कॉलेजांवरून घेतलेला आहे. ज्ञान शहरात कोंडून न ठेवता बांधापर्यंत न्यायचे, हेच त्याचे सूत्र. आम्ही विस्तार अधिकारी त्याच सूत्राचे नोकर. बियाणे, खत, कीड यांचे ज्ञान आम्ही बांधापर्यंत नेले. मनाचे नेले नाही.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

२०१७ सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली, ते तुम्हाला आठवत असेल. एक दिवस ओळखीचा एक शेतकरी कार्यालयात आला. अर्धा तास बाकावर बसून राहिला. मी कामात होतो. विचारले, "काय भाऊ?" तो म्हणाला, "फवारणीचं विचारायचं होतं." मी औषधाचे नाव आणि प्रमाण कागदावर लिहून दिले. त्याने कागद घेतला, घडी घातली, गेला. पुढे आठ दिवस त्याने अन्न सोडले, बोलणे सोडले. त्याच्या घरची बाई शहाणी. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता तिने त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. उपचार झाले, माणूस सावरला. वर्षभराने बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी फवारणीचं विचारायला आलोच नव्हतो."

हे मी बापूंच्या लेकीला सांगितले आणि विचारले, "मी काय करायला हवे होते?" ती म्हणाली, "काका, खुर्ची जवळ ओढून बसायचं. झोप येते का, जेवण जातं का, विचारायचं. आणि जीव नकोसा झाला आहे का, हेही सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग उपदेश न करता ऐकायचं. आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, दवाखान्यापर्यंत सोबत जायचं."

बापू ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे आमच्या गावात कोणालाच येत नाही."

येऊ शकते. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले गेले, आणि त्यांच्या मदतीने अधिक रुग्ण बरे झाले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत अशाच रीतीने काम झाले. दीड वर्षात खिन्नतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. आजार वाढला म्हणून नव्हे, लाज कमी झाली आणि मदत दाराशी आली म्हणून.

कपाशीत आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करतो, बोंड किडण्याची वाट पाहत नाही. माणसाच्या बाबतीतही खुणा असतात. दोन आठवडे झोप उडालेली, भूक मेलेली, शेतात जावेसे न वाटणे, दारू वाढणे, निरवानिरवीची भाषा. यातले काही दिसले तर :

१) जवळ बसून विचारा. "एवढं काय मनाला लावून घेतोस" असे म्हणू नका.
२) गावच्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.
३) १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.
४) धोका वाटला तर घरातली कीटकनाशके लगेच दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि माणसाला एकटे ठेवू नका.

आणि ज्या घरात एखादी मुलगी किंवा सून हा विषय शिकू म्हणते, तिथे तिला हसू नका. अडतिसावे वर्ष उशिराचे नाही. निघताना बापू लेकीला म्हणाले, "परत जाण्याआधी एकदा बचत गटाच्या बायांसमोर बोलशील का?" ती बोलली. वीसेक बाया आल्या होत्या. सभा संपल्यावर त्यातल्या दोघी मागे थांबल्या. त्या काय बोलल्या हे लेकीने आम्हाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)