लाईन गेली, हे सांगणार कोण?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कोठेही जा, कापडाचा धंदा आता इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागते. ५० हजारांवरच्या मालाला ते लागतेच, पण ग्रे कापड जॉबवर्कसाठी बालोतरा-पालीला पाठवायचे असेल तर किंमत कितीही असो, बिल हवेच. बिलाविना गाडी अडवली गेली तर कराच्या दुप्पट दंड. ४ लाखांचा माल, ५ टक्क्यांनी २० हजार कर, म्हणजे दंड ४० हजार. मीटरमागे पैशांत नफा मोजणाऱ्याने तो आणायचा कोठून?

म्हणून बऱ्याच पेढ्यांनी दोन लाईन घेतल्या आहेत. एक केबलवाल्याची, दुसरी मोबाईलच्या सिमवर. पहिली गेली की राउटर आपोआप दुसरीवर जातो. सोय उत्तम, पण तिच्यात एक गोम आहे. काम चालू राहते, म्हणून पहिली लाईन मेली आहे हे कोणाला कळतच नाही. आमच्या बाजारात आम्ही हे पाहतो. चार-चार दिवस पहिली लाईन बंद, मुनीमजी निर्धास्त. मग एका संध्याकाळी सिमचा डेटा संपतो, ट्रान्सपोर्टची गाडी भरून उभी असते आणि तेव्हा धावाधाव सुरू होते.

आमचे म्हणणे असे की, दुसऱ्या लाईनवर खर्च करणाऱ्याने खबर मिळण्याची सोय आधी करावी. गेटवे म्हणजे आपल्या पेढीचा बाहेर जाण्याचा नाका. राउटर या नाक्यावरून बाहेर सारखी हाक देतो आणि उत्तर येते का ते पाहतो. पीएफसेन्स ही प्रणाली मोफत मिळते. ती अर्ध्या सेकंदाला एक हाक देते आणि मिनिटभरात २० टक्क्यांहून अधिक हाका वाया गेल्या तर नाका बंद धरते. त्याच क्षणी ईमेल किंवा टेलिग्रामवर निरोप धाडण्याची सोयही तिच्यात आहे. साधे दोन लाईनचे राउटर घेतानाही दुकानदाराला हीच गोष्ट आधी विचारावी.

मात्र बसवणाऱ्याकडून काही गोष्टी करून घ्याव्यात. हाक केबलवाल्याने दिलेल्या डब्याला देऊन उपयोग नाही. डबा आपल्याच भिंतीवर असतो, तो उत्तर देणारच, मग पुढची तार तुटलेली का असेना! हाक बाहेरच्या पत्त्यावर जावी. निरोप स्थिती बदलली तरच यावा, लाईन गेली तेव्हा एक आणि परत आली तेव्हा एक. दर मिनिटाला फोन वाजू लागला तर आठवड्यात कोणी तिकडे पाहणार नाही. अन् हा निरोप शेठजींच्या फोनवर नको, बिल करणाऱ्याच्या फोनवर हवा.

ज्यांची लाईन एकच आहे त्यांचा प्रश्न वेगळा. लाईनच मेली तर निरोप जाणार कोठून? तेथे पहारेकरी बाहेर बसवावा लागतो. राउटरने बाहेरच्या एखाद्या सेवेला दर ५ मिनिटांनी सलाम करायचा. सलाम चुकला की ती सेवा आपल्याला कळवते. थोडक्या कामासाठी अशा सेवा फुकटही मिळतात.

मालेगावात जुम्याला लूम आणि पेढ्या बंद असतात. गुरुवारी रात्री लाईन गेली तर शनिवारी गल्ला उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. निरोप आला तर तक्रार शुक्रवारीच नोंदवता येते. शिवाय प्रत्येक निरोपावर वेळ असते. महिनाअखेरीस केबलवाला पूर्ण पैसे मागायला येईल तेव्हा लाईन किती तास बंद होती, हे त्याला तारीखवार दाखवावे आणि तेवढे पैसे कापून मागावेत.