उत्तरकार्यानंतर

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बाया भाकरीची टोपली आणि आमटीचे पातेले पदराआड झाकून आणून ठेवतात, भावकीतली वडीलधारी मंडळी सोप्यात बसून आल्यागेल्याला सामोरी जातात, आणि रक्षाविसर्जनापासून उत्तरकार्यापर्यंत त्या घराला घटकाभरही एकटे पडू दिले जात नाही. पूर्वजांनी घालून दिलेली ही रीत मोठी शहाणी आहे. मात्र तिची मुदत बारा-तेरा दिवसांची आहे, आणि घरातला तरुण, कर्ता मुलगा गेलेला असतो तेव्हा त्या घराच्या खऱ्या विपत्तीला प्रारंभच मुळी मांडव उतरल्यावर, पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर होतो.

गेल्या गळीत हंगामात आमच्या गावातला असा एक मुलगा गेला. रात्री कामावरून परत येत असता, रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या करून ठेवलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, साधा लाल फडकासुद्धा नव्हता. त्याचे नाव वृत्तपत्रात छापून यावे अशी घरच्यांची इच्छा नाही, आणि गावाला ते सांगण्याची गरज नाही.

प्राथमिक शाळेत तो माझ्या हाताखाली शिकला. बुद्धीने तो मध्यम होता; परंतु दुसऱ्याची अडचण त्याने सांगण्यापूर्वी ओळखावी आणि काही न बोलता कामाला लागावे, हा जो दुर्मिळ गुण पुस्तकांनी शिकवता येत नाही, तो त्याच्या ठायी उपजत होता. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांनी आपले पात्र सोडून आमचा तालुका पाण्याखाली घेतला, तेव्हा सरकारी बोटी येईपर्यंत ज्या पोरांनी गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून म्हाताऱ्या माणसांना आणि शेळ्याकरडांना उंचवट्यावर पोचवले, त्यांत तो पुढे होता. पूर ओसरल्यावर शाळेचे कपाट उघडले तो आतले जनरल रजिस्टर चिखलाने माखून फुगलेले. ते आता रद्दीतच जाणार असे आम्ही सगळे धरून चाललो असता, या मुलाने ते घरी नेले, पत्र्याच्या छपरावर उन्हात पान पान सुटे करून, प्रत्येक पानावर खापरीचा तुकडा ठेवून वाळवले, आणि पुरता आठवडा खपून पुन्हा शाळेत आणून दिले. पुढे त्याच्या विम्याच्या कागदांसाठी वयाचा पुरावा मागितला गेला, तेव्हा शाळेने जो दाखला दिला तो त्याच रजिस्टरावरून दिला. शाईचे ओघळ आलेल्या त्या ओळीतले त्याचे नाव मी वाचून दाखवले, आणि कारकुनाने ते उतरून घेतले.

या घराला काय हवे होते, हे मला त्याच्या आईने सांगितले. उत्तरकार्य होऊन काही आठवडे लोटले होते. मी जाऊन बसलो आणि, सगळे करतात तसेच, पीकपाण्याचे आणि पावसाचे काहीबाही बोलू लागलो. ती माउली मध्येच म्हणाली, "गुरुजी, येतंय ते माणूस उसाचं बोलतंय, दराचं बोलतंय. माझ्या लेकाचं नाव काय कुणी काढत न्हाई. तुमी त्याला शिकीवलंय, तुमी तरी काढा." मग मी त्याच्या पाढ्यांविषयी, त्याच्या वळणदार अक्षराविषयी, शाळेच्या भिंतीवरून मारलेल्या उड्यांविषयी बोललो; ती रडली, मध्ये एकदा हसली, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरी चहाचे आधण चढले. दुःखाची खपली निघेल या भयाने आपण मृताचा विषय टाळतो. पण जे दुःख त्या मातेच्या उशाशी अहोरात्र बसलेले आहे, ते आपल्या मौनाने कमी कसे व्हावे? आपल्या मुलाला गाव विसरले, एवढी एक नवी व्यथा मात्र त्या मौनाने तिच्या पदरात पडते.

नाव काढणे हे जसे एक कर्तव्य, तसे दुसरे कर्तव्य कागदपत्रांचे. शोकाने बुद्धी बधिर झालेली असते नेमक्या त्याच दिवसांत सरकारदरबारच्या मुदती धावत असतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे दाखल करण्यास कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला यांच्या नकला जिथे तिथे मागितल्या जातात. या मुलाच्या बँकेच्या पासबुकात दरवर्षी 20 रुपये वजा झाल्याची एक बारीक ओळ होती. त्या वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूबद्दल वारसाला दोन लाख रुपये मिळतात, हे त्याच्या वडिलांच्या गावीही नव्हते. ती ओळ शेजारच्या एका मुलाने पाहिली, म्हणून अर्ज झाला. अशी पासबुके किती घरांत न उघडता ट्रंकेत पडून असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

जमिनीच्या बाबतीत तर याहून अधिक सावध राहावे लागते. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नोंद व्हावी म्हणून तलाठ्याकडे वेळेवर वर्दी द्यावी, फेरफाराची नोटीस आली की ती कुणीतरी जाणत्याने वाचून दाखवावी, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृताची पत्नी, मुले आणि आई यांचा हक्क सारखा आहे, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगावे. डोळ्यांचे पाणी खळलेले नाही अशा स्त्रीपुढे हक्कसोडपत्र ठेवून अंगठा वा सही घेण्याचे प्रकार भल्या म्हणवणाऱ्या घरांतूनही घडतात. ते घडू न देणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे, मग त्यापायी भावकीची नाराजी पत्करावी लागली तरी हरकत नाही.

त्याच्या मागे त्याची पत्नी आहे आणि एक अजाण मुलगी आहे. मृतदेह दारात आला त्या दिवशी दोघी-तिघी वृद्धा त्या पोरीच्या बांगड्यांना हात घालू लागल्या, तेव्हा सासूने सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले आणि कुणालाही ते सोडवू दिले नाहीत. आमच्याच तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव करून, पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा आपल्या गावात बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो मार्ग दाखवला. महर्षी कर्व्यांनी पुण्यात 1896 साली विधवांसाठी अनाथबालिकाश्रम स्थापिला, तेव्हापासून सव्वाशे वर्षे जे कार्य सुधारकांनी लोकनिंदा सोसून चालवले, ते एका लहानशा गावाने आपल्या चावडीवर बसून पुढे नेले, याचा मला अभिमान वाटतो. परंतु ठराव गाव करते, आणि तो अमलात आणण्याचे धैर्य ऐन शोकाच्या क्षणी एखाद्या सासूलाच दाखवावे लागते. अशा सासवांच्या पाठीशी गावाने उघडपणे उभे राहिले पाहिजे.

आता सणावाराचे दिवस येतील. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ होत नाही, तो नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी नेऊन द्यावा, असा आपला रिवाज आहे. तो पाळताना डबा ओट्यावर ठेवून लगबगीने माघारी फिरू नये, घटकाभर टेकावे, मुलीला मांडीवर घ्यावे, आणि तिच्या बापाने पुरात काय केले ते तिला सांगावे. तिला बाप आठवणार नाही. तो कसा होता हे तिला गावाकडूनच कळायचे आहे. तिच्या शाळेची फी, तिच्या आईला गावातच मिळू शकेल असे काम, वर्षश्राद्धाच्या वेळी म्हाताऱ्याला लागणारा हात आणि यंदाच्या हंगामात प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लागलेला लाल दिवा, ही कामे आम्ही गावकऱ्यांनी आपसांत वाटून घेतली पाहिजेत. पुराच्या पाण्यात त्याने कुणाचे घर कोणते हे पाहिले नव्हते; त्याच्या घराचा भार उचलताना आपणही ते पाहू नये.