मेलेल्या बादशहाचे पस्तिसावे वर्ष

१४०२ साली चीनमध्ये एक मेलेला बादशहा पुन्हा राज्य करू लागला. निदान कागदावर तरी.

चिनी बादशहा आपल्या वर्षांना नाव देत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हान घराण्याच्या वू बादशहापासूनची ही चाल. शुभशकुन झाला की नवे नाव, संकट आले की नवे नाव, आणि मोजणी पुन्हा एकपासून. मिंग घराण्याने ही धरसोड थांबवली. एका बादशहाला साधारण एकच नाव. मला ही शिस्त बरी वाटते.

पहिला मिंग बादशहा १३९८ मध्ये वारला. त्याच्या वर्षांचे नाव होंगवू. नातू गादीवर आला आणि १३९९ पासून ज्येनवन वर्षे सुरू झाली. मग चुलत्याने बंड केले, १४०२ मध्ये नानजिंग घेतले. राजवाडा पेटला. पुतण्या आत जळाला की निसटला, याचा वाद अजून मिटलेला नाही. चुलत्याने फर्मान काढले: ज्येनवन रद्द, चालू वर्ष होंगवू ३५! म्हणजे बाप मेल्यावरही राज्य करीत होता आणि पुतण्या कधी गादीवर बसलाच नव्हता. १४०३ पासून चुलत्याने स्वतःचे नाव लावले, योंगल, म्हणजे चिरंतन आनंद. राज्यारोहणाची घोषणा लिहायला नकार देणाऱ्या फांग श्याओरू या विद्वानाला त्याने आप्तांसकट मारले होते, ते आदल्याच वर्षी.

वर्षांना आपले नाव देण्याची हौस मी समजू शकतो. आपल्याकडेही बादशहांचे जुलूसी सन होते, अकबराने इलाही सन काढला. पण दुसऱ्याची वर्षे पुसणे? ज्येनवन दोनमध्ये कुणाचे मूल जन्मले असेल, कुणी शेत घेतले असेल. त्यांनी आता काय सांगायचे? हजरत उमर (रजि.) यांनी सन ठरवला तेव्हा मोजणी हिजरतीपासून धरली, कुणाच्या गादीपासून नाही. त्यातले शहाणपण मला ज्येनवनची गोष्ट वाचताना नव्याने जाणवले.

ज्येनवन हे नाव अधिकृतपणे परत आले १५९५ मध्ये, वानली बादशहाच्या काळात. तब्बल १९३ वर्षांनी.

उलटेही घडले. १६४४ मध्ये बीजिंग पडले, चोंगचेन बादशहाने गळफास घेतला, मांचूंनी आपले नाव चालू केले. कोरियाच्या दरबाराला ते नाइलाजाने वापरावे लागे. पण तिथले कित्येक विद्वान खासगी कागदांवर आणि थडग्यांच्या दगडांवर शतकभरानंतरही चोंगचेनचीच वर्षे मोजत होते.