इशारा पोलिसांचा की धोक्याचा?

अमेरिकेतील मेरीलँडमध्ये राहणाऱ्या आमच्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. नोकरी नदीपलीकडे व्हर्जिनियात. हिवाळ्यात मोटार, उन्हाळ्यात मोटारसायकल. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल वर्षात दोनदा दंड भरून झाला, तेव्हा आता दोन्ही वाहनांवर चालेल असा एकच रडार डिटेक्टर घ्यायचा आहे; कोणता घ्यावा? शेवटी एक पुस्तीही जोडली आहे. दिवाळीत पुण्याला येताना वडिलांसाठी एक आणला, तर द्रुतगती मार्गावरची ई-चलाने वाचतील का? हा प्रश्न आरोग्य आणि विज्ञानाच्या सदरात कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण उत्तर शोधायला बसले की तो फिरून इथेच येतो.

आधी यंत्र समजून घेऊ. पोलिसांची रडार गन रेडिओ लहरी सोडते. त्या धावत्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. गाडी जितकी वेगात, तितका फरक मोठा. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये जुळ्या ताऱ्यांच्या रंगांविषयी लिहिताना हे तत्त्व मांडले. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तेच हे. डिटेक्टर हा या लहरी टिपणारा नुसता रेडिओ आहे. तो स्वतः काही मोजत नाही. त्याचा फायदा एवढाच, की गनला लहर जाऊन परत यावी लागते, तर डिटेक्टरला ती एका दिशेने येऊन पोहोचली की पुरे. परतणारी लहर फार क्षीण झालेली असते, येणारी त्या मानाने बरीच जोरकस. म्हणून गनला गाडी ‘दिसण्या’आधीच डिटेक्टर वाजू शकतो.

हा फायदा आता चारी बाजूंनी कुरतडला गेला आहे. अमेरिकेत पोलीस मुख्यतः २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ‘के’ आणि ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधला ‘केए’ असे दोन पट्टे वापरतात. जुना ‘एक्स’ पट्टा जवळपास मोडीत निघाला आहे. पण ‘के’ पट्ट्यातच दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे चालतात आणि अनेक मोटारींचे, शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणारे सेन्सरही. त्यामुळे स्वस्त डिटेक्टर दिवसभर लांडगा आला रे आला करत राहतो आणि चार दिवसांत मालक त्याच्याकडे लक्ष देणे सोडतो. काही शे डॉलरचे महाग यंत्र घेण्याचे खरे कारण जास्त पल्ला नसून हा खोटा आरडाओरडा गाळणे हे आहे. त्यात जीपीएस असेल, तर नेहमीच्या रस्त्यावरचे खोटे इशारे यंत्र लक्षात ठेवते.

लेझर गनपुढे मात्र महाग यंत्रही हतबल. रडारचा झोत रुंद पसरतो, लेझरचा तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. पोलीस तो थेट नंबरप्लेटवर रोखतात आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग मोजून होतो. डिटेक्टर वाजतो तो त्यानंतर. म्हणजे तो इशारा नव्हे, पावती. रडारवालेही गन सतत चालू ठेवत नाहीत. गाडी टप्प्यात आली की क्षणभर दाबतात. तुमच्या पुढे दुसरे कोणी सापडले तर तुम्हाला आगाऊ कळणार, रस्ता मोकळा असेल तर पहिला मान तुमचाच.

मोटारसायकलवर अडचणी आणखी वाढतात. पाऊस, धूळ आणि हादरे सोसणारे यंत्र हवे, उन्हात वाचता येईल असा पडदा हवा. त्याहून मोठी अडचण कानांची. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि म्हणूनच जाणते स्वार कानात बोळे घालतात. यंत्राची टिकटिक तिथे ऐकू येणे अशक्यच. मग ब्लूटूथने आवाज हेल्मेटमध्ये घ्यायचा किंवा डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा बसवायचा. वळणावर गाडी झुकलेली असताना कानात अचानक कर्कश आवाज झाला, तर हात काय करील? ब्रेक दाबील. मोटारीत ब्रेक घाईने दाबला तर मागचा हॉर्न मारतो. झुकलेल्या मोटारसायकलवर पुढचे चाक सुटते. एबीएस मदत करते, पण ते वळणातही सावरेल अशी व्यवस्था महागड्या गाड्यांतच असते.

कायद्याचे सांगायचे तर आमच्या वाचकाची पंचाईत नकाशातच आहे. खासगी वाहनात डिटेक्टर ठेवायला मेरीलँडमध्ये हरकत नाही. व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये बंदी आहे. पोटोमॅक ओलांडताना रोज यंत्र उतरवून ठेवावे लागेल. डिटेक्टर स्वतःही क्षीण लहरी बाहेर सोडतो आणि त्या पकडणारी उपकरणे पोलिसांकडे असतात, तेव्हा डॅशबोर्डखाली लपवूनही भागत नाही. पोलिसांचे रडार बिघडवणारा जॅमर तर अमेरिकेत संघीय कायद्यानेच गुन्हा आहे. तो कोणी विकायला आला तर हात जोडावेत.

आता वडिलांचे यंत्र. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका ठिकाणचा वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तसेच सरासरी वेग काढणारेही. दोन कमानींवरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, मधले अंतर ठाऊक असते, लागलेल्या वेळेवरून भागाकार होतो. या भागाकारात रडार कुठेच नाही, मग डिटेक्टर काय टिपणार? शिवाय, ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमानुसार, कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याआधी तसे सांगणारे फलक लावणे राज्यांवर बंधनकारक आहे. जे सांगण्यासाठी यंत्र आणायचे, ते कायद्याने रस्त्यावर लिहून ठेवायचेच आहे. फलक झाडामागे दडलेला असेल किंवा मर्यादा अवाजवी कमी असेल, तर त्याविरुद्ध जरूर भांडावे; ती तक्रार रास्त आहे आणि ती यंत्राने सुटत नाही.

पण मुद्दा दंडाचा नाहीच. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक धरून एक साधे गणित करू. दोन मोटारसायकली शेजारून चालल्या आहेत, एक ताशी ८० किलोमीटरने, दुसरी १०० ने. समोर ट्रॅक्टर आडवा आला. दोन्ही स्वारांना ब्रेक दाबायला दीड सेकंद लागतो. ऐंशीवाला सुमारे ६९ मीटरवर थांबतो. त्याच ६९ मीटरवर शंभरवाल्याचा वेग अजून ताशी सुमारे ७१ किलोमीटर असतो. वेग फक्त वीसने जास्त होता. एक जण ट्रॅक्टरजवळ थांबला, दुसरा सत्तरच्या वर वेगाने त्यावर आदळला. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हेल्मेट त्यातला काही भाग शोषते. मान, फासळ्या आणि प्लीहा यांना तेही मिळत नाही.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. केंद्रीय अहवालात त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘अतिवेग’ हा रकाना फार सहज भरला जातो, खड्डा आणि चुकीचा दुभाजक त्यात दिसत नाहीत, हे मान्य करूनही आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

डिटेक्टर यांतल्या कशाचाही इशारा देत नाही. ट्रॅक्टर, ओले वळण, रस्ता ओलांडणारे पोर यांच्यापैकी कोणीही रेडिओ लहरी सोडत नाही. तो फक्त वेग मोजणाऱ्याची चाहूल देतो, आणि चाहूल लागली नाही की रस्ता सुरक्षित असल्याचा भास देतो. कॅमेऱ्यापाशी करकचून ब्रेक आणि पुढे गेल्यावर पुन्हा जोर, हे आपण यंत्राशिवायही रोज पाहतो.

तेव्हा वाचकाला आमचे उत्तर असे. मेरीलँडमध्ये घ्यायचाच असेल तर फक्त मोटारीसाठी घ्या, खोटे इशारे गाळणारा घ्या आणि पुलापलीकडे नेऊ नका. मोटारसायकलवर लावू नका. ते पैसे नव्या टायरला आणि हेल्मेटला जाऊ देत. वडिलांसाठी काही आणण्याची गरज नाही. त्यांची मोटार जुलै २०१९ नंतर बनलेली असेल, तर वेग ऐंशीपुढे गेला की अधूनमधून आणि १२० पुढे गेला की सतत वाजणारा इशारा तिच्यात कारखान्यातूनच बसवलेला आहे. कोणा मेकॅनिककडून त्यांनी तो बंद करून घेतला असेल, तर दिवाळीत पुण्याला आल्यावर तेवढा पुन्हा चालू करून द्या.