अपुरी कथा

अपुरी राहिलेली कथा पुन्हा हाती घेतली की आपण आधी तिची भाषा सुधारू लागतो. मला हे चुकीचे वाटते. कथा अडते ती शब्दांपाशी नव्हे, माणसापाशी.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढच्या वर्षी मी एक कथा लिहायला घेतली : संपात घरी बसलेला बाप आणि त्याच्यावर चिडलेला मुलगा. चार पानांवर ती थांबली. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. माझी कथाही तशीच राहिली.

परवा ती वही उघडली. एक ओळ मी खोडलेली होती : पाळीच्या वेळी बाप शर्ट घालतो आणि पुन्हा खुंटीला लावतो. तेव्हा ती निरर्थक वाटली होती. चिडलेला मुलगा मीच होतो ना! आज त्या बापाहून माझे वय जास्त आहे, आणि कथा त्याच ओळीपासून सुरू होते.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना सांगावेसे वाटते : कथा नव्याने लिहा, पण जुनी वही रद्दीत घालू नका. न समजता पाहिलेले तिथेच असते.